ताकदीचं काम

दादा गेल्याची बातमी आली तेव्हा माझ्या मांडीवर चाक होतं आणि टायर अर्धा चढला होता. शेजारच्या गिरणीवाल्याची बायको पिठाच्या हातांनी धावत आली, दुकानाच्या फळीला धरून उभी राहिली आणि म्हणाली, "कुंदाताई, चला लवकर… मधूशेठ गेले." मी तिच्याकडे बघितलं, मान हलवली आणि उरलेला टायर चढवला. ट्यूब रिम आणि टायरच्या मध्ये कुठे चावली नाही ना, ते चाक गोल फिरवून बघितलं, हवा भरली, चाक सायकलला बसवलं, नट आवळले. मग हात धुतले. त्या बाईनं हे नंतर सगळ्या आळीत सांगितलं, आणि का नाही सांगायचं? तिच्या जागी मी असते तर मीही सांगितलं असतं. सख्खा भाऊ गेला आणि ही बया टायर लावत बसली! पण अर्धा चढलेला टायर सोडून उठलं की तो सगळा सुटतो आणि पुन्हा पहिल्यापासून करावं लागतं, हे मला दादानंच शिकवलं होतं. त्यानं शिकवलेल्या खऱ्या गोष्टी तशा फार थोड्या. ही त्यातली एक.

आता महिना होऊन गेला. तेराव्याला अंबरनाथ सोडा, पार बदलापूर-उल्हासनगरहून माणसं आली. फॅक्टरीतले रिटायर झालेले फोरमन आले, क्वार्टर्समधल्या बायका आल्या. जो तो उठून तेच म्हणत होता… मधूशेठसारखा कारागीर होणे नाही, आणि माणूस कसा, तर नवऱ्यानं टाकलेल्या बहिणीला स्वतःच्या पायावर उभं केलं. मी पानं वाढत होते. मेल्या म्हशीला मणभर दूध, दुसरं काय! पेपरच्या या पुरवणीतही वाचक आपल्या गेलेल्या माणसांबद्दल लिहितात, ते मी दर रविवारी गिऱ्हाईक नसलं की वाचते. सगळ्यांचे वडील कडक पण आतून प्रेमळ, सगळ्यांचे भाऊ फणसासारखे, वरून काटे आणि आत गरे. वाईट माणसं या जिल्ह्यात मरतच नाहीत की काय, असं वाटायला लागतं. म्हणून म्हटलं, दादावर एक आपणही लिहावं, आणि खरं लिहावं.

माझं सासर विठ्ठलवाडीला होतं, डेपोच्या मागे चाळीत. पाच वर्षं मूल झालं नाही, सहाव्या वर्षी नवऱ्यानं दुसरी आणली आणि माझी ट्रंक गॅलरीत ठेवली. ऐंशी साल नुकतंच उलटलं होतं. आईवडील नव्हते, म्हणून मी ती ट्रंक घेऊन अंबरनाथला दादाच्या दारात येऊन उभी राहिले. सत्तावीस वर्षांची होते, मॅट्रिकपर्यंत शिकलेली, पण त्या शिक्षणाचं लोणचं घालायचं होतं का? दादानं वर्तमानपत्रातून डोकं वर काढलं. "आलीस? उद्यापासून दुकानात ये. एका स्वयंपाकघरात दोन बायका नकोत मला." एवढंच. का आलीस, काय झालं, काही नाही. वहिनी मात्र आतून पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि माझे पाय बघून म्हणाली, "वन्सं, चालत आल्याव काय वो? टाचा बगा कशा फुटल्यात." वहिनी बदलापूरकडच्या चामटोलीची, शेतकऱ्याघरची. मूलबाळ तिलाही नव्हतं, पण तिची ट्रंक कुणी बाहेर काढली नव्हती, कारण दादाला भाकरी करणारं कुणीतरी हवं होतं.

दुकान स्टेशनवरून फॅक्टरीच्या गेटकडे जाणाऱ्या रस्त्यावर. तेव्हा भोंगा झाला की रस्ता सायकलींनी भरायचा. पलीकडच्या बाजूला चालत जाणं शक्य नसायचं. पंचर काढणारे त्या रस्त्यावर पाच होते, पण नवा टायर चढवायचा म्हटलं की सगळे दादाकडे. त्या काळचे टायर म्हणजे हट्टी जात. टायरच्या दोन्ही कडांत तार असते, ती इतकी आवळ यायची की शेवटची वीतभर कड काही केल्या रिमच्या आत जायची नाही. बाकीचे दुकानदार स्क्रू ड्रायव्हर घालून, पट्टी घालून ती आत ढकलायचे आणि आत ट्यूब चावली जायची. गिऱ्हाईक गेटपर्यंत पोचायच्या आत फुस्स. दादा काढताना पट्टी वापरायचा, पण लावताना कधीच नाही. चाक घ्यायचा, भिंतीकडे तोंड करून बसायचा, चाक पोटाला लावायचा, खांदे जरा हलायचे आणि दोन मिनिटांत वळून म्हणायचा, "हां, ने." पाठ का करतो असं कुणी विचारलं तर म्हणायचा, उन्हाची तिरीप डोळ्यांवर येते. दुकान उत्तराभिमुख होतं, तिथे ऊन जन्मात कधी आलं नाही, पण हे कुणाच्या लक्षात येत नव्हतं. माझ्याही आलं नाही. "काय मनगट आहे मधूशेठचं!" असं लोक म्हणायचे आणि दादा मिशीतल्या मिशीत म्हणायचा, "ताकदीचं काम आहे. येरागबाळ्याचं नाही."

मला त्यानं पंचर काढायला शिकवलं, घमेल्यात ट्यूब बुडवून बुडबुडे बघायला, साखळी रॉकेलमध्ये धुवायला. दिवसभर पंप मारायचा. ते काम मला जमलं आणि आवडलंही, खोटं का बोला. पण टायर लावणं त्याचं. फक्त कधीतरी पहिली पाळी सुटली, दुकानासमोर पंधरावीस माणसं जमली आणि दादाची लहर लागली की तो एखादा कोरा टायर आणि चाक माझ्या पुढ्यात टाकायचा. "कुंदे, घे. आज तू लाव." आणि वर मला रीत सांगायचा, सगळ्यांना ऐकू जाईल अशी. "व्हॉलपासून सुरुवात कर. व्हॉलपाशी कड आत घाल, मग दोन्ही हातांनी पुढे पुढे जा आणि शेवटी अंगठ्यांनी दाब. जोर लाव!" मी व्हॉलपासून, म्हणजे हवा भरायच्या नळीपासून, सुरुवात करायचे. पाऊण चाक सरळ जायचं. मग शेवटची वीतभर कड… अंगठे पांढरे पडायचे, मग लाल, मग निळे. घाम डोळ्यांत जायचा. माणसं आधी हसायची नाहीत, दादा हसला की हसायची. "नवऱ्याला दाबलं असतंस एवढं जोरात तर नांदली असतीस," हे वाक्य माझ्या सख्ख्या भावाचं, भर रस्त्यात. मग तो माझ्या हातातून चाक काढून घ्यायचा, मी केलेलं पुसून टाकल्यासारखी सगळी कड मोकळी करायचा, भिंतीकडे तोंड करून बसायचा आणि दोन मिनिटांत वळायचा. "हां, ने."

घरी गेल्यावर म्हणायचा, "टायर लागला नाही तिचा. आज एक भाकरी कमी वाढ." वहिनी मान डोलवायची आणि कमी वाढायची. तो हात धुवून बाहेर पारावर गेला की ती मला आत हाक मारायची. परातीखाली भाकरी झाकलेली असायची, वर ठेचा. मी जेवत असताना ती माझे अंगठे हातात घेऊन हळद-तेल चोळायची आणि मध्येच म्हणायची, "सोसा वन्सं… पुरुष हायती." एकदा उजव्या अंगठ्याचं नख मुळापासून काळं पडून निघालं, तेव्हा ती माझ्याआधी रडली. माझं रडणं वर्षभरातच संपलं होतं. मला फक्त एक टायर लावायचा होता. कारण मी मनात ठरवून टाकलं होतं, टायर जमला की इथून निघायचं, कुठेतरी स्वतःचं टपरीएवढं दुकान टाकायचं आणि कुणाच्या दारातली खरकटी भाकरी खायची नाही. पंचर सगळेच काढतात, त्यावर बाईकडे कोण येणार? टायर लावणारी बाई म्हटलं तर येतील. सगळं त्या वीतभर कडेवर अडलं होतं.

म्हणून एकदा मी चोरी केली. दादा जेवायला गेला होता आणि फॅक्टरीतले एक बुजुर्ग टर्नर, त्यांना सगळे नाना म्हणायचे, घाईघाईनं टायर बदलायला आले. मी म्हटलं, बसा नाना, लावते. घरून आणलेलं उलथनं माझ्या पिशवीत होतं. त्याच्या दांड्यानं मी ती कड आत लोटली. बसली! मी इतकी खूश झाले की नाना गेल्यावर सुद्धा त्या रस्त्याकडे बघत उभी राहिले. गेटच्या वळणावर ट्यूब फुटली, नाना आपटले, कोपर सोलपटलं. दादा परत येईपर्यंत बातमी दुकानावर पोचली होती. त्यानं आरडाओरडा केला नाही. फाटलेला तो टायर मागवून घेतला, माझ्या गळ्यात घातला आणि म्हणाला, "चल. क्वार्टर्सपर्यंत जायचं, नानांची माफी मागायची आणि असंच परत यायचं. मी मागे आहे." मी गेले. चपलांचा हार ऐकला होता, हा टायरचा. भाजीवाल्या बघत होत्या, शाळा सुटलेली पोरं मागून येत होती. नानांनी दार उघडलं आणि माझ्याकडे बघून त्यांनाच लाजल्यासारखं झालं. "अरे मधू, काढ ते… काय चाललंय हे?" दादा म्हणाला, "शिकतेय नाना. अशीच शिकतात माणसं." तेराव्याला त्याच नानांनी बहिणीला पायावर उभं केल्याचं भाषण केलं. म्हातारपणी माणूस विसरतो, असं मी धरून चालते.

सात वर्षं अशीच गेली. मग एकदा दादाला ताप आला आणि माल संपला होता, म्हणून टायर आणायला त्यानं पहिल्यांदा मला उल्हासनगरला पाठवलं. एरवी तो स्वतः जायचा. कॅम्पातल्या टायरच्या दुकानात गल्ल्याच्या बाजूला मालकाची आई बसली होती, सत्तरीपुढची, सलवार-कुडत्यातली, डोक्यावर पांढरी ओढणी, मनगटं काडीसारखी. फाळणीनंतर छावणीत आले तेव्हा तिच्या नवऱ्यानं भाड्यानं सायकली द्यायचा धंदा काढला होता. मी टायर मोजून घेत होते तेव्हा तिनं माझा हात धरला. "अरी, अंगूठे को क्या हुआ तेरे?" मी म्हटलं, टायर लगाती हूँ अम्मा. लगता नहीं. ती दात नसलेल्या तोंडानं खुदकन हसली. "टायर अंगूठे से थोड़ी लगता है, बेटी. ला इधर." तिनं नोकराकडून एक चाक मागवलं, मांडीवर घेतलं आणि माझ्याशी बोलत बोलत, सुनेची चुगली करत करत, नवाकोरा टायर त्या काडीसारख्या हातांनी चढवला. पट्टी नाही, जोर नाही, चेहऱ्यावर आठी नाही. मी म्हटलं, अम्मा, फिर से दिखाओ. तिनं काढला आणि पुन्हा दाखवला. "ज़ोर मत लगा. ढील दे."

रीत इतकी साधी आहे की चार ओळींत लिहून होते. रिमच्या मधोमध गोल खोलगट पन्हळ असते. तिथला घेर कडेच्या घेरापेक्षा कमी. टायरची तार बोटांनी त्या पन्हळीत उतरवत गेलं की तेवढी ढील मिळते आणि ती ढील दोन्ही तळव्यांनी सरकवत शेवटाकडे आणली की शेवटची कड आपसूक आत पडते. पण व्हॉल जिथे असतो तिथे ट्यूबचा देठ मध्ये उभा असतो, तार तिथे पन्हळीत उतरतच नाही. म्हणून सुरुवात करायची व्हॉलच्या बरोबर समोरून आणि शेवट करायचा व्हॉलपाशी. शेवट झाला की व्हॉल एकदा आत ढकलायचा, म्हणजे ट्यूब चावत नाही. झालं. जो व्हॉलपासून सुरुवात करेल त्याची तार व्हॉलपाशी वरच अडकून राहणार आणि शेवटी तो पैलवान असला तरी त्याचे अंगठे फुटणार. आणि सात वर्षं, पंधरावीस माणसांसमोर, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, दादा मला काय सांगत होता? व्हॉलपासून सुरुवात कर.

मी टायरांचं ओझं घेऊन परत आले. मला राग आला होता असं म्हणणं म्हणजे काहीच न म्हणणं आहे. आग लागली होती अंगाची. दोन दिवस मी नुसते पंचर काढले. तिसऱ्या दिवशी दादा दुकानात आला, पाळी सुटली, माणसं जमली आणि नेहमीसारखं त्यानं चाक पुढ्यात टाकलं. "कुंदे, घे." मी घेतलं. भिंतीकडे तोंड केलं नाही. सगळ्यांसमोर, चाक फिरवून व्हॉल माझ्या पोटाकडे आणला आणि समोरून सुरुवात केली. दादाचं हसू अर्ध्यावर थांबलेलं मी बघितलं. तळव्यांनी ढील आणली, शेवटची कड टप्पकन आत पडली, व्हॉल ढकलला, चाक त्या माणसाच्या हातात दिलं. "हां, न्या." कुणीतरी टाळी वाजवली. दादा पुढे आला, खाली वाकला आणि माझ्या कानाशी म्हणाला, "कुणी सांगितलं तुला?"

जमलं का, कसं केलंस, असं काही नाही. कुणी सांगितलं. म्हणजे सांगण्यासारखं काही होतं, हे त्याच्याच तोंडून आलं. मी विचारलं, "तू का नाही सांगितलंस?" तो सरळ उभा राहिला, मिशीवरून हात फिरवला आणि समोरच्या हॉटेलवाल्याला ओरडून म्हणाला, "दोन चहा दे रे!" त्या दुकानात त्यानं मला पाजलेला तो पहिला चहा. पुढे कितीदा तरी विचारलं, एकदाही उत्तर दिलं नाही. पण त्या दिवसानंतर चाक पुढ्यात टाकणं बंद झालं आणि भाकरीही पूर्ण मिळायला लागली. मी मात्र निघायच्या तयारीला लागले. वहिनीचा चुलतभाऊ बदलापूर स्टेशनजवळ पानाची टपरी चालवायचा, त्याच्या बाजूला जागा होती. वहिनीनंच शब्द टाकला. "जावा वन्सं," म्हणाली, "तुमचं तुमी बगा. हितं काय हाय?" पत्रे ठरले, फळ्या ठरल्या. आणि त्याच महिन्यात दादा दुकानात पंप मारता मारता खाली बसला आणि उठला नाही. अर्धांगवायू. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली.

मी गेले नाही. लोकांनी त्याचंही कौतुक केलं, रक्ताचं नातं वगैरे. खरं कारण मी आजवर कुणाला सांगितलं नाही, ते इथे सांगते. मला बघायचं होतं. डॉक्टर म्हणाले होते, हात हलता ठेवा, काहीतरी काम देत जा. मला निमित्त मिळालं. रोज सकाळी रिक्षातून त्याला दुकानात आणायचे, पाठीला पोतं लावून खुर्चीत बसवायचे, मांडीवर चाक ठेवायचे आणि टायर हातात द्यायचे. "लाव दादा. डॉक्टरांनी सांगितलंय." एका हातानं टायर लागत नाही. इकडून कड आत घालावी तर तिकडून सुटते, तिकडची धरावी तर इकडची. त्याला रीत माहीत होती, ढील कशी आणायची माहीत होतं, फक्त दुसरा तळवा नव्हता. डावा हात चाकाच्या घेराभोवती फिरत राहायचा. पाळी सुटली की माणसं जमायची, आता पूर्वीइतकी नाही, रस्त्यावर मोपेड आल्या होत्या, पण पाचसहा तरी जमायचीच. आणि मी, देवाशपथ खरं लिहिते, त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायचे, "व्हॉलपासून सुरुवात कर, दादा. जोर लाव." चाक फिरवून व्हॉल त्याच्या हाताखाली आणून द्यायचे. तो माझ्याकडे बघायचा. त्याचा डावा अंगठा आधी पांढरा पडायचा, मग लाल.

वहिनी एकदा डबा घेऊन आली आणि हे बघून दारातच थांबली. तिला रीत ठाऊक नव्हती, त्यामुळे मी काय करतेय ते तिला कळायचं कारण नव्हतं, पण चेहरे वाचायला शाळेत जावं लागत नाही. तिनं डबा खाली ठेवला, त्याच्या मांडीवरचं चाक उचललं आणि म्हणाली, "वन्सं, पुरं करा. त्यांचं काय चुकलं आसंल ते देव बगंल." मी म्हटलं, डॉक्टरांचा व्यायाम आहे. दुसऱ्या दिवशी तिनं त्याला रिक्षात बसवू दिलं नाही, तिसऱ्या दिवशी मी पुन्हा आणलं. त्याच्या डोळ्यांतून पाणी यायचं. अशा आजारात डोळ्यांवर ताबा राहत नाही, येतंच पाणी, असं डॉक्टर म्हणाले होते आणि मी ते धरून बसले. असं किती वर्षं केलं म्हणाल, तर सातआठ वर्षं, शेवटच्या पावसाळ्यापर्यंत. त्यानंतर तो खाटेवरून उठलाच नाही. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते मी त्याच्याबद्दल म्हणायचे. आता वाटतं, पीळ दोघांच्यात सारखाच वळला होता, आईबाप एकच.

तेरावं झालं आणि दुकानाच्या कागदांचा प्रश्न आला. जागा, परवाना, सगळं दादाच्या नावावर, आता ते वहिनीच्या नावावर व्हायचं. ते रीतीप्रमाणेच होतं, माझी हरकत असायचं कारण नाही. कचेरीतल्या माणसानं कागद पुढे केले, वहिनीनं पदरानं अंगठा पुसला, शाईत बुडवला आणि जिथे जिथे त्यानं बोट ठेवलं तिथे तिथे उमटवला. तिला सहीपुरतंही अक्षर येत नाही. मी शेजारी बसून बघत होते. परत येताना रिक्षात ती पदरानं अंगठ्याची शाई पुसत होती. घरी आल्यावर चहा टाकला, माझ्यासमोर पाट घेऊन बसली आणि म्हणाली, "वन्सं, माजं एक आयकाल?" मला वाटलं आता जा म्हणते. ती म्हणाली, "मना टायर लावाया शिकवा. पंचर मी बगून बगून शिकलेय, पन टायर नाय येत. मना आला ना, तर तुमी मोकळ्या. बदलापूरची जागा अजून तशीच हाय, भाऊ म्हनत होता. तुमी माज्यापायी कशाला अडकून ऱ्हाता?"

किती चांगलं बोलली होती ती! मला हेच तर हवं होतं, पंधरा वर्षांपूर्वी, दहा वर्षांपूर्वी. आणि मी मनात हिशेब करायला लागले. मी चाळिशी ओलांडली आहे, गुडघे दुखतात, रस्त्यावर सायकली दिवसेंदिवस कमी होतायत. दुकान आता हिचं. हिला टायर आला की या दुकानाला माझी गरज काय? बदलापूरला त्या पत्र्याखाली मला कोण ओळखतं? गरज असेपर्यंत माणसाला जागा असते. दादाला मी शंभरदा का म्हणून विचारलं आणि त्यानं उत्तर दिलं नाही, ते उत्तर त्या पाटावर बसल्या बसल्या मला मिळालं. त्याला माझी घृणा नव्हती. तो घाबरत होता. मी वहिनीच्या हातांकडे बघितलं. भाकऱ्या थापून थापून रुंद झालेले तळवे, टायरासाठी यापेक्षा चांगले हात मी अख्ख्या अंबरनाथात बघितले नाहीत. आणि मी म्हटलं, "नाही जमायचं वहिनी तुम्हाला. ताकदीचं काम आहे ते."

वहिनीनं आपले तळवे उलटसुलट करून बघितले. मग म्हणाली, "आसंल बाई. ह्यांना पन मी कितीक येळा इचारलं, तेबी ह्येच म्हनायचे." आणि उठली, चहा गाळला, माझ्या कपात साय घातली.

हे सगळं लिहून झाल्यावर दोनदा वाचलं. टायर लावायची रीत वर पूर्ण लिहिली आहे, त्यात काही राखून ठेवलेलं नाही. ज्याला शिकायची त्यानं शिकावी. वहिनीला एकदा समोर बसवून, चाक मांडीवर देऊन सांगावं, एवढी हिंमत मात्र अजून होत नाही, रोज सकाळी ठरवते आणि रोज दुकानात ती डबा घेऊन आली की तिच्याकडे पाठ करून बसते. पुरवणीवाल्यांनी दादाचा फोटो मागितला होता, तो तिनंच भिंतीवरून काढून, काच पुसून दिला. हौसेनं दिला. रविवारी पेपर आला की ती तो फोटो बघेल, पदरानं डोळे टिपेल, या ओळींवरून बोट फिरवेल आणि मला विचारेल, "काय काय लिवलंय वो वन्सं?" मी सांगेन, चांगलंच लिहिलंय.